ढगांआडच्या भातपिकाची मोजणी

खरीप भाताच्या मोजणीत एक अडचण निसर्गानेच घालून ठेवली आहे. भाताची लावणी आषाढ-श्रावणात होते आणि नेमक्या त्याच सुमारास आकाश आठवडेच्या आठवडे ढगांनी भरलेले असते. सूर्यप्रकाशात छायाचित्रे टिपणाऱ्या उपग्रहांना त्या काळात रत्नागिरी काय किंवा भंडारा काय, ढगांच्या पांढऱ्या थरापलीकडे बहुधा काहीच दिसत नाही. रब्बीतील गहू-हरभरा त्यांना स्पष्ट दिसतो. भात मात्र दृष्टीआड राहतो. रडारचा उपयोग होतो तो येथे.

रडार-उपग्रह सूर्यावर अवलंबून नसतो. तो स्वतःच सूक्ष्मलहरी जमिनीकडे तिरप्या सोडतो आणि परतणाऱ्या लहरींचे बळ मोजतो. या कामी बहुधा वापरण्यात येणाऱ्या, सुमारे साडेपाच सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांतून पार जातात आणि रात्रीही तितक्याच उपयोगी पडतात.

चिखलणी करून पाणी बांधलेले खाचर आरशासारखे सपाट असते. तिरप्या आलेल्या लहरी त्यावरून पुढे निसटून जातात व चित्रात ते शेत काळे उमटते. पुढे रोपे फुटवे धरू लागली की लहरी पाण्यावर आणि ताठ खोडांवर अशा दोनदा आपटून मागे फिरतात, पानांच्या दाटीतूनही विखुरतात आणि तेच शेत दर पंधरवड्याला अधिक उजळ दिसू लागते. आधी काळे व मग उजळ, हा क्रम म्हणजे लावणीच्या भाताची खूण होय. तळे काळेच राहते. जंगल आरंभापासूनच उजळ असते. अर्थात एका चित्राने भागत नाही. निरनिराळ्या तारखांची निदान तीन चित्रे लागतात आणि त्यांतले लावणीच्या वेळचे हुकले, तर पुढच्या चित्रांचे मोल बरेच घटते.

रिसॅट-१ पूर्वी भारतात असे अंदाज कॅनडाच्या रडारसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून काढण्यात येत. २६ एप्रिल २०१२ रोजी श्रीहरिकोट्याहून रिसॅट-१ सुटला आणि १४ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच मालिकेतील ईओएस-०४ अवकाशात गेला. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांची चित्रे तर २०१४ पासून विनामूल्य मिळतात. ३० जुलै २०२५ रोजी सोडण्यात आलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहावर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरींचेही रडार आहे. या लांब लहरी पिकात अधिक खोल शिरतात.

तथापि या साधनाचा दोष कोठे आहे, हे ओळखूनच त्याचे आकडे वापरले पाहिजेत. पूर्व विदर्भात रोवणीबरोबरच आवत्या पद्धतीनेही धान पेरले जाते. अशा बांधीत आरंभी पाणी साचलेले नसते, म्हणून काळी खूण उमटत नाही आणि उभे धान गणनेतून निसटण्याचा संभव असतो. तालुक्याचे क्षेत्र त्यामुळे प्रत्यक्षाहून कमी भरते. ही चूक यंत्राची नव्हे. रोवणीची कसोटी आवत्याला लावणाऱ्याची ती चूक होय. कोकणात अडचण निराळी. सेंटिनेलच्या चित्रातील एक चौकोन सुमारे १० मीटर बाजूचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा असतो. रडारच्या चित्रात काळे-पांढरे ठिपके अंगभूतच असल्याने अनेक चौकोनांची सरासरी घ्यावी लागते. दोन-तीन गुंठ्यांच्या खाचरात तेवढे चौकोन मिळणार कोठून? शिवाय डोंगरउतारावर काही भाग रडारच्या छायेत जातो. यास्तव कोणत्या शेतात कोणते पीक आहे, ते केव्हा व कोणत्या पद्धतीने लावले, याची जागेवरची नोंद हाती असल्याशिवाय चित्राचा अर्थ खात्रीने लावता येत नाही.

उत्पन्नाची गोष्ट तर याहून वेगळी. लहरींना पिकाची दाटी व त्यातील पाणी कळते. लोंबीतला दाणा भरला की पोचट राहिला, हे त्यांना थेट कळत नाही. क्षेत्राचा आकडा आकाशातून आला, तरी हेक्टरी उताऱ्यासाठी पीककापणी प्रयोगाचा ठरलेला तुकडा आखून, भात कापून, झोडून त्याचे वजन करण्यात येते.