घरगुती डिओडरंट : घरासाठी सोपे, विक्रीसाठी जबाबदारीचे

उन्हाळा जवळ आला की डिओडरंटचा खप वाढतो. अलीकडे या मालात 'नैसर्गिक' आणि 'घरगुती' असा शिक्का मारलेल्या डब्यांची भर पडली आहे. अनेक भगिनी हा माल घरीच तयार करून ओळखीपाळखीत, प्रदर्शनांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर विकतात. थोडे भांडवल, स्वयंपाकघरातले साहित्य आणि घरबसल्या काम, यामुळे हा उद्योग सोपा वाटतो. माल तयार करणे खरोखरच सोपे आहे. तो विकणे मात्र वेगळी गोष्ट आहे. या दोन्ही बाजू समजून घेतल्या तरच हा उद्योग बरकतीचा ठरेल.

दुर्गंधी कशामुळे येते?

ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आपल्या अंगात घामाच्या मुख्यतः दोन प्रकारच्या ग्रंथी असतात. पहिल्या प्रकारच्या ग्रंथी सर्वांगावर पसरलेल्या असतात. त्यांचा घाम म्हणजे बहुतांशी पाणी व मीठ असून तो शरीर थंड ठेवतो. दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी प्रामुख्याने काखेत व जांघेत असतात आणि वयात आल्यानंतर काम करू लागतात. त्यांच्या स्रावात चरबी व प्रथिने असतात. कातडीवरचे जिवाणू या पदार्थांचे विघटन करतात आणि त्यातून दुर्गंधी निर्माण होते.

म्हणून बाजारात दोन निरनिराळ्या वस्तू मिळतात. डिओडरंट जिवाणूंना आळा घालतो किंवा वास झाकतो, घाम थांबवत नाही. अँटिपर्स्पिरंटमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिका तात्पुरत्या बंद करतात. पहिला व्यापारी डिओडरंट 'मम' या नावाने १८८८ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे निघाला, तर अँटिपर्स्पिरंट १९०३ साली आले. घरी तयार होतो तो डिओडरंट. त्याने घाम बंद होईल, असे गिऱ्हाइकाला सांगू नये.

तुरटीचे पाणी

हा सर्वांत स्वस्त प्रकार आहे. दाढीनंतर न्हावी तुरटीचा खडा फिरवतो तो तिच्या आवळून धरण्याच्या व जंतू रोखण्याच्या गुणामुळे. हाच गुण येथे उपयोगी पडतो. १०० मिलिलिटर डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात ३ ग्रॅम तुरटीची पूड पूर्ण विरघळवावी, स्वच्छ फडक्यातून गाळावी आणि प्लॅस्टिकच्या फवारा-बाटलीत भरावी. हे पाणी आम्लधर्मी असल्याने धातूचे भांडे वा झाकण वापरू नये. त्यात टिकवण्याचे द्रव्य नसल्यामुळे थोडेच करावे आणि आठवडाभरात संपवावे.

डबीतला लेप

खोबरेल तेल ४० ग्रॅम, मधमाशांचे मेण १५ ग्रॅम, आरारूट ४० ग्रॅम आणि खाण्याचा सोडा जास्तीत जास्त ४ ग्रॅम घ्यावा. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात तेल व मेण वितळवावे. खाली उतरवून आरारूट व सोडा चाळून घालावा, गुठळ्या मोडाव्यात आणि कोमट असतानाच कोरड्या डब्यांत ओतावे. पाण्याचा एक थेंबही त्यात जाऊ देऊ नये.

मेणाचे प्रमाण महत्त्वाचे आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळते, तर मधमाशांचे मेण ६२ अंशांच्या पुढे. थंड मुलखातल्या कृतींत मेण कमी असते. ती कृती जशीच्या तशी उचलली तर विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात डबीत तेलच उरेल. आपल्या गावच्या हवेप्रमाणे मेण थोडे कमी-अधिक करून पाहावे. तेलकट लेपाचे डाग कपड्यावर पडतात, म्हणून अगदी थोडा लावून जिरू द्यावा. गुस्ल करताना पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे, तेव्हा हा मेणाचा थर आधी साबणाने धुवून काढावा.

सोड्याबाबत विशेष काळजी घ्यावी. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी. त्यामुळे काहींना रोज वापरल्यावर लाली, खाज वा पुरळ येते. अशांसाठी सोड्याशिवायचा लेप करावा. धुण्याचा सोडा मात्र चुकूनही वापरू नये, तो कातडी भाजतो. कोणताही नवा प्रकार प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावा. काखेतले केस काढल्यावर लगेच आणि जखमेवर लावू नये.

सुगंध आणि बिनवासाचा माल

जुम्याच्या दिवशी गुस्ल, मिस्वाक आणि सुगंध लावणे ही सुन्नत आहे, त्यामुळे अत्तराची आवड आपल्या घरांत नवी नाही. बिनअल्कोहोलचा सुगंध पसंत करणारे गिऱ्हाईकही समाजात मोठे आहे. १०० ग्रॅम लेपाला १ ग्रॅमपेक्षा अधिक अत्तर घालू नये, कारण नैसर्गिक सुगंधी तेलांचीही अ‍ॅलर्जी होते. कनौजचे पारंपरिक अत्तर देग-भपक्यावर फुलांचा अर्क चंदनतेलात उतरवून करतात आणि ते महाग असते. स्वस्त अत्तरांत बहुधा चंदनाऐवजी दुसरा आधार असतो. दुकानदाराला तो विचारून घ्यावा आणि आपल्या यादीत तसाच लिहावा.

येथे एक संधीही आहे. इहरामच्या अवस्थेत सुगंध वर्ज्य आहे. हज-उमराहला जाणाऱ्यांना मक्केच्या उन्हात बिनवासाची वस्तू लागते. सुगंध न घातलेले तुरटीचे पाणी किंवा लेप त्यांना उपयोगी पडू शकेल. मात्र असा माल सुगंधी मालापासून वेगळ्या भांड्यांत करावा आणि वापराबाबत उलेमांचा सल्ला घ्यावा.

'नैसर्गिक' म्हणजे काय सांगायचे?

तुरटीचे डिओडरंट 'अ‍ॅल्युमिनियम-मुक्त' म्हणून विकलेले आढळते. हे खरे नाही. तुरटी म्हणजे पोटॅशियम व अ‍ॅल्युमिनियम यांचे सल्फेट. ती निसर्गात सापडते, पण तिच्यात अ‍ॅल्युमिनियम आहेच. त्याचप्रमाणे कंपन्यांच्या अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनाचा कर्करोग होतो, अशी भीती घालून माल खपवला जातो. असा संबंध संशोधनातून सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र अ‍ॅल्युमिनियमचे अँटिपर्स्पिरंट डॉक्टरांना विचारून वापरावे, अशी सूचना अमेरिकेत डब्यावरच छापावी लागते. आपणही तुरटीचा माल देताना एवढे सांगितले तर गिऱ्हाईक तुटणार नाही, विश्वासच वाढेल.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आणि तो झाकणाऱ्या विक्रेत्याला खडसावणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. डबीवरची घटकांची यादी म्हणजे आजच्या ढिगाचा वरचा थर. आत जे आहे तेच वर दिसले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

स्वतःच्या घरासाठी डिओडरंट करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. विक्रीसाठी केला की तो 'सौंदर्यप्रसाधन' ठरतो आणि औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लागू होतो. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार उत्पादनासाठी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. उत्पादनाची जागा स्वच्छ व राहत्या घरापासून वेगळी असावी लागते आणि देखरेखीला फार्मसी किंवा रसायनशास्त्राचे आवश्यक शिक्षण घेतलेली व्यक्ती असावी लागते. स्वयंपाकघरात केलेला माल बिनपरवाना विकणे हा गुन्हा आहे, मग तो प्रदर्शनात विकला असो की व्हॉट्सअ‍ॅपवर. एखाद्या गिऱ्हाइकाच्या अंगावर पुरळ उठले आणि तक्रार झाली, तर सगळी जबाबदारी विकणाऱ्या भगिनीवर येते.

लहान उद्योजकासाठी एक मार्ग आहे. स्वतःची जागा नसेल तर परवानाधारक कारखान्याशी करार करून, त्याच्या जागेत आपला माल तयार करण्याचा 'लोन लायसन्स' हा परवाना मिळतो. चार-पाच भगिनींनी बचत गटातून एकत्र येऊन हा खर्च वाटून घेता येईल. डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना, वापराची मुदत आणि कमाल किरकोळ किंमत छापावी.

हिशेब कसा मांडावा?

कच्च्या मालाच्या दुप्पट किंमत लावली की फायदा झाला, हा समज फसवा आहे. समजा, ५० ग्रॅमच्या डबीला कच्चा माल २५ रुपये, डबी व लेबल १२, मजुरी १०, परवाना व तपासणीचा वाटा १० आणि नमुने व तूटफूट ३, असा ६० रुपये खर्च आला. किंमत १०० रुपये ठेवली आणि दुकानदाराने २५ रुपये घेतले, तर हाती ७५ येतात व १५ रुपये उरतात. हीच डबी ५० रुपयांना विकली तर दुकानदाराचा वाटा काढण्याआधीच १० रुपयांचा तोटा होतो. स्वतःची मजुरी न धरणे ही घरगुती उद्योगातली नेहमीची चूक आहे. ती धरलीच पाहिजे.

या कामात उतरू इच्छिणाऱ्यांनी पहिला उन्हाळा केवळ घरच्या माणसांसाठी माल करावा. प्रत्येक खेपेचे प्रमाण, तारीख, कोणाला काय त्रास झाला आणि डबी किती दिवस टिकली, हे वहीत लिहावे. ही वही हाती असली की कारखान्याशी करार करताना नेमका कोणता माल हवा ते सांगता येईल. त्यानंतर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करून, परवान्याचा खर्च हिशेबात धरून मगच भांडवल गुंतवावे.