कुठं न्हाई, असंच

आमच्या बिद्रीत संध्याकाळी गाडीला किक मारली, की शेजारी हमखास विचारतो, ‘‘कुठं निघालाय?’’ त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. ‘‘कुठं न्हाई, असंच. चक्कर मारून येतो.’’ तो समाधानानं मान हलवतो. गेली कित्येक वर्षं आमचं हे संभाषण चालू आहे. मला आज बोलायचं आहे ते या ‘असंच’बद्दल. दिसायला हा अगदी साधा शब्द, पण तो सगळ्यांच्याच तोंडी शोभू दिला जात नाही.

आधी गावाविषयी सांगतो. बिद्री कागल तालुक्यात, कोल्हापूरहून गारगोटीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळं त्याचं नाव जिल्हाभर झालं. हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ऊस तोडला की त्याचं वजन आणि साखरेचा उतारा तासागणिक घटत जातो. म्हणून ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेल्या ओढत धावतात, बैलगाड्यांच्या रांगा लागतात, मळीचा वास हवेत भरून राहतो. म्हणजे आमचा रस्ता मुळात कामाचा. दूध डेअरीला, मूल शाळेला, आजारी माणूस दवाखान्याला आणि ऊस काट्यावर, असं प्रत्येकाचं जाणं ठरलेलं. अशा रस्त्यावर काहीही काम नसताना निघणं, हीच चक्करीची खरी गंमत.

चक्कर म्हणजे सहल नव्हे. सहलीला ठिकाण लागतं, डबा लागतो, आणि ‘तिकडं काय बघितलं’ याचा हिशेबही द्यावा लागतो. चक्करीला यातलं काही लागत नाही. आम्ही फार तर मुधाळ तिट्ट्यापर्यंत जातो. तिट्टा म्हणजे रस्ते एकत्र येतात ती जागा. तिथून एक वाट गारगोटीला, एक राधानगरीकडं आणि एक निपाणीकडं जाते. निपाणीच्या वाटेवर जवळच आदमापूर आहे. अमावास्येला बाळूमामांच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांनी तिट्टा भरून जातो आणि भंडाऱ्यानं पिवळी झालेली कपाळं चहाच्या टपरीवर दिसतात. एक चहा घ्यायचा, ओळखीच्या दोघांशी पाऊसपाण्याचं बोलायचं आणि परत फिरायचं. पावसाळ्यात राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की हीच चक्कर लांबते. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या त्या धरणाला असे सात दरवाजे आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपोआप उघडतात. ते पाणी बघायला जाण्याला काम म्हणावं की चक्कर, हे आमच्याकडं अजून ठरलेलं नाही.

कुणी विचारेल, रोज तोच रस्ता बघून कंटाळा येत नाही का? रस्ता तोच असतो, पण ऊस तोच नसतो. आडसाली लागण सतरा-अठरा महिने शेतात उभी असते. तो डोक्यावर गेला की रस्ता बोगद्यासारखा होतो, दोन्ही बाजूंना नुसती हिरवी भिंत. थंडी पडू लागली की त्याला तुरे येतात. मग एके दिवशी तोड होते आणि अचानक पलीकडचं गाव, देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, नदीकाठची झाडं एकदम समोर येतात. कुठंतरी गुऱ्हाळाचं चुलवाण पेटलेलं असतं. ओळखीचा असला तर गुळव्या वाटीभर गरम काकवी हातावर ठेवतो. घाईत जाणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याचं लक्ष पोचण्याकडं असतं.

मी शब्दांत रमणारा माणूस, म्हणून एक गोष्ट सांगतो. आपण रोज वापरतो तो ‘मौज’ हा शब्द अरबीतला आहे. तिथं त्याचा अर्थ आहे लाट. ‘मजा’ फारसीतून आला, त्याचा अर्थ चव. लाट घरी आणून ठेवता येत नाही आणि चव दुसऱ्याकडून उसनी मिळत नाही. छोट्या सुखांचंही तसंच आहे.

पण हे सुख वाटून आलं ते मात्र सारखं नाही. माझ्या लहानपणी तासावर भाड्यानं सायकल मिळे, ती पोरांनाच. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघणारी माणसं मी पाहिली आहेत. 1972 साली आलेल्या लूनानं हे वाहन साध्या घरांत पोचवलं, तरी हँडल बहुतेक पुरुषाच्याच हातात राहिलं. बायका मागे बसत, त्याही कामासाठी. दवाखाना, लग्न, मयत.

माझी अम्मी त्यातलीच. अब्बा गेल्यावर चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली, तरी ती उंबऱ्याबाहेर पडेना. एकदा मी म्हणालो, ‘‘चल, चक्कर मारून येऊ.’’ ती म्हणाली, ‘‘कशाला? काय काम हाय?’’ बरंच विनवल्यावर तयार झाली, पण निघताना खुंटीवरची रिकामी पिशवी घेतली. वाटेत कुणी विचारलं, ‘‘काय चाची, कुठं?’’ की ती पिशवी वर करून दाखवी. ‘‘बाजारला.’’ बाजाराचा वार नसला तरी. पिशवी रिकामी जायची, रिकामी यायची. एकदा तोड झालेल्या रानाकडं बघत ती म्हणाली, ‘‘ह्या वाटेनं चाळीस वर्सं गेले-आले. नदी इतकी जवळ हाय, हे आज बघितलं.’’ शेवटपर्यंत तिनं ती पिशवी मात्र सोडली नाही.

पुढं ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकाविषयी वाचलं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं हे पुस्तक 2011 साली आलं. विषय मुंबईतल्या बायकांचा. रस्त्यावर बाईला सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं, विनाकारण रेंगाळणं हाही तिचा हक्क आहे, असं त्या लेखिका मांडतात. मला अम्मीची पिशवी आठवली. मुंबई काय आणि बिद्री काय, पिशवी एकच.

पेट्रोलनं 2021 साली शंभरी ओलांडली, तेव्हापासून चक्कर महागली. हंगामात अंधार पडायच्या आत परतणं बरं, कारण मागे दिवा नसलेली उसाची ट्रेली जवळ जाईपर्यंत दिसत नाही. या अडचणी खऱ्या आहेत, पण त्या सगळ्यांना सारख्या आहेत. खरी अडचण घरातच असते.

माझी मुलगी आता स्वतःची स्कूटी चालवते. परवा संध्याकाळी ती चावी घेऊन निघाली. इतकी वर्षं ‘असंच’ म्हणून घराबाहेर पडणारा मी, मीच तिला विचारलं, ‘‘कुठं? काय काम आहे?’’ तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, ‘‘कुठं न्हाई, असंच.’’

शेजाऱ्यासारखी मान हलवायला मला थोडा वेळ लागला. पण हलवली.