हवेच्या दाबावर चालणारी खिळेबंदूक : वापर, निगा व सुरक्षितता

सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. तथापि १९८० साली पूर्ण झालेले उजनी धरण, ठिबक सिंचन आणि शेतकऱ्यांचे परिश्रम ह्यांच्या बळावर हा जिल्हा आज फळबागांचा जिल्हा झाला आहे. सांगोल्याचे डाळिंब, पंढरपूर व बार्शीकडील द्राक्षे आणि करमाळा व माढा तालुक्यांतील केळी दूरदूरच्या बाजारांत जातात. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून सोलापुरातच आहे.

फळ पुठ्ठ्याच्या खोक्यात भरले, तरी परदेशी जाणाऱ्या खोक्यांची रास लाकडी पॅलेटवर रचली जाते. पॅलेटची एक फळी निखळली, तर वरची रास कलते आणि वर्षभराची मेहनत वाटेतच चेपून जाते. म्हणून पॅलेट घट्ट ठोकलेले असणे अगत्याचे असते. पूर्वी हे काम सुतार हातोडीने करीत. आता जेथे पॅलेट बनविले अथवा दुरुस्त केले जातात, तेथे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी खिळेबंदूक वापरली जाते. तिच्या योगाने काम झपाट्याने होते. परंतु जे हत्यार खिळा एका क्षणात लाकडात बुडविते, ते तो तितक्याच सहजपणे हाताच्या पंजातही बुडविते. ज्याच्या हातावर घराचा चरितार्थ चालतो, त्याने हे हत्यार नीट समजून घेतल्याशिवाय उचलू नये.

हत्यार चालते कसे?

कॉम्प्रेसर हवा दाबून टाकीत साठवितो. ती हवा रबरी नळीतून बंदुकीत येते. चाप ओढताच हवा आतील दट्ट्यावर आदळते, दट्ट्याला जोडलेली पोलादी पट्टी खिळ्याच्या माथ्यावर बसते आणि खिळा लाकडात जातो. त्यानंतर दट्ट्या आपोआप माघारी येतो. बहुतेक खिळेबंदुका दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ ते ८ किलोग्रॅम दाबावर चालतात. प्रत्येक बंदुकीचा कमाल दाब तिच्यावर लिहिलेला असतो व तो कधीही ओलांडू नये. खिळा पुरता बसेल एवढा कमीत कमी दाब ठेवणे हेच योग्य.

बंदुकीच्या तोंडाशी एक सरकते सुरक्षा-टोक असते. ते लाकडावर दाबले गेल्याशिवाय खिळा सुटत नाही. काही कारागीर हे टोक तारेने मागे बांधून ठेवतात किंवा त्याची स्प्रिंग काढून टाकतात. ही अत्यंत घातक प्रथा होय. असे केलेली बंदूक वापरूच नये.

चाप कोणत्या प्रकारचा आहे?

चापाचे मुख्य प्रकार दोन आहेत. पहिल्या प्रकारात आधी टोक लाकडावर दाबावे लागते, मग चाप ओढावा लागतो आणि पुढील खिळ्यासाठी दोन्ही सोडून पुन्हा त्याच क्रमाने सुरुवात करावी लागते. दुसऱ्या प्रकारात चाप ओढून धरला की जितक्या वेळा टोक टेकेल तितके खिळे सुटतात. धोका ह्या दुसऱ्या प्रकारात अधिक आहे. खिळा सुटताना बंदूक मागे उसळते. त्याच वेळी बोट चापावर असले व टोक पुन्हा कोठे टेकले, तर नको असलेला दुसरा खिळा सुटतो. तो फळीवर पडेल की मांडीवर, हे सांगता येत नाही.

अमेरिकेत २००१ ते २००५ ह्या काळात खिळेबंदुकीने जखमी झालेले सरासरी ३७,००० लोक दरवर्षी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आले. तेथील कामगार-सुरक्षा खात्याने २०११ साली काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार, दुसऱ्या प्रकारच्या चापाने इजा होण्याचा धोका पहिल्याच्या दुप्पट असतो. ह्या चापाने वेळ वाचतो तो सरासरी १० टक्के, आणि कामाचा वेग चापापेक्षा कारागिराच्या हातावरच अधिक अवलंबून असतो. नगावर मजुरी असली की घाई होते हे खरे. परंतु एक बोट जायबंदी झाले, तर साऱ्या हंगामाची मजुरी बुडते. यास्तव नवी बंदूक घेताना पहिल्या प्रकारच्या चापाचीच मागणी करावी.

काम करताना घ्यावयाची काळजी

१. डोळ्यांस कडेनेही झाकणारा मजबूत चष्मा व कानांस आवाजरोधक लावावे. पायांत जाड तळाचे बूट असावेत, चपला नसाव्यात.

२. फळी धरणारा हात खिळ्याच्या जागेपासून किमान एक फूट दूर ठेवावा. शक्य तेथे फळी शिकंजात धरावी.

३. खिळ्याची लांबी जोडावयाच्या लाकडांच्या एकूण जाडीपेक्षा कमी असावी. एकाने पॅलेट धरावे व दुसऱ्याने समोरून खिळे मारावेत, असे करू नये.

४. लाकडातील गाठ, जुना खिळा व फळीची अगदी कड टाळावी. वाळलेल्या बाभळीसारख्या कठीण लाकडात खिळा वळून बाजूने बाहेर येतो.

५. खिळा मारावयाचा नसेल तेव्हा बोट चापावरून काढावे. बंदूक कोणाकडेही रोखू नये, थट्टेतही नाही.

६. खिळा अडकल्यास, खिळे भरताना, किंवा जागा सोडून जाताना आधी हवेची नळी काढावी.

७. बंदूक केवळ कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवावी. ऑक्सिजनचा वा अन्य वायूचा सिलिंडर जोडल्यास स्फोट होतो.

८. डिझेलवर वा पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर बंद खोलीत चालवू नये. त्याचा धूर प्राणघातक असतो. विजेच्या कॉम्प्रेसरला अर्थिंग असावे.

९. अठरा वर्षांखालील मुलांच्या हाती हे हत्यार देऊ नये.

दैनंदिन निगा

हवा दाबली जाते तेव्हा तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. ते तसेच राहिले तर टाकी आतून गंजते, आणि गंजलेली टाकी दाबाखाली फुटू शकते. म्हणून रोज काम संपल्यावर दाब उतरवून तळाची तोटी उघडावी व पाणी काढून टाकावे. कॉम्प्रेसरची सुरक्षा-झडप कधीही बांधून ठेवू नये.

सकाळी काम सुरू करण्यापूर्वी, नळी न जोडता, बंदुकीच्या हवेच्या तोंडात हवेच्या हत्यारांसाठी असलेल्या तेलाचे दोन-चार थेंब सोडावेत. तेलाविना चालणाऱ्या बंदुकीस मात्र ते देऊ नयेत. ह्याबाबत सोबतचे माहितीपत्रक पाहावे. सुरक्षा-टोक हाताने दाबून ते मोकळेपणी सरकते की नाही, हे पाहावे. सर्व स्क्रू घट्ट करावेत. सोलापूरकडील धूळ टोकात व खिळ्यांच्या कप्प्यात बसते. ती रोज पुसून काढावी. हवा गळत असल्यास आतील रबरी कडी झिजली आहेत असे समजावे व ती जाणत्या कारीगराकडून बदलून घ्यावीत. उन्हाळ्यात येथील पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा रबरी नळी उन्हात पडू देऊ नये. तिला चिरा पडतात.

लाकडाविषयी एक सूचना

परदेशी जाणाऱ्या पॅलेटचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णतेत सलग ३० मिनिटे ठेवणे, ही कीड नाहीशी करण्याची मान्य रीत आहे. असे केलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो व तो मान्यताप्राप्त संस्थेनेच मारावयाचा असतो. दुरुस्तीत साधी कच्ची फळी ठोकली, तर शिक्का असूनही माल बंदरावर अडू शकतो. म्हणून दुरुस्तीचे काम अशा संस्थेकडूनच करून घ्यावे.

अपघात झाल्यास

प्रथम हवा बंद करावी. खोल रुतलेला खिळा जागेवर ओढून काढू नये. त्याने रक्तस्राव वाढतो व आतील शिरा दुखावतात. खिळ्याभोवती स्वच्छ कापडाची घडी ठेवून तो हलणार नाही असे बांधावे. बोटांतील अंगठ्या काढाव्यात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा जखमीस विनाविलंब रुग्णालयात न्यावे. जखम लहान दिसली तरी डॉक्टरांस दाखवावी व धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या भागातील पॅकहाऊस व सुतारशाळांना भेट द्यावी, बंदुकांची सुरक्षा-टोके जागेवर आहेत की नाहीत हे स्वतः पाहावे आणि नव्या मजुरांस नळी काढण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी. फळाचा भाव बाजार ठरवितो. पण ते पाठविणारे हात शाबूत ठेवणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.