शेवरोले ३१०० आणि ठिणगीची वेळ

जुनी शेवरोले ३१०० पिकअप चढावर उचल खाईनाशी झाली, मधूनच खोकायला लागली, की बहुतेकांचा हात आधी डाव्या अंगाला कार्बोरेटरकडे जातो. जेट काढून फुंकतात, फ्लोट बघतात, पेट्रोल गाळून घेतात. अख्खा दिवस जातो आणि गाडी होती तशीच राहते. माझं स्पष्ट मत आहे, या गाडीचं बोनेट उघडलं की पहिल्यांदा उजव्या अंगाला यावं. डिस्ट्रिब्युटर तिथे आहे, आणि कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी दोष तिथेच सापडतात.

ही अर्ध्या टनाची पिकअप जनरल मोटर्सने १९४७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत आणली आणि तिचा हा अवतार १९५५ च्या सुरुवातीपर्यंत चालला. तिचं इंजिन २१६ घनइंचांचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं. मिनिटाला ३,३०० फेऱ्यांवर ९० अश्वशक्ती. १९५४ मध्ये त्या जागी २३५ घनइंचांचं इंजिन आलं. आपल्याकडे शेवरोले हे नाव परकं नव्हतं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून १९५४ पर्यंत होता, आणि एस.टी.च्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, फोर्डसनबरोबर शेवरोलेही होत्या.

ठिणगी पाडायची तिची पद्धत चार्ल्स केटरिंगच्या विचारातून आलेली. डेटनमधल्या डेल्को कंपनीत त्याने १९१० च्या कॅडिलॅकसाठी बॅटरीवर चालणारं इग्निशन तयार केलं, आणि पुढे कित्येक दशकं पेट्रोल गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलमधून करंट वाहतो. डिस्ट्रिब्युटरमधला कॅम पॉइंट उघडतो त्या क्षणी तो तुटतो, कॉइलच्या दुसऱ्या वेढ्यात हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो आणि रोटर तो ज्याच्या त्याच्या प्लगला पोचवतो. क्रँकच्या एका फेरीला तीन ठिणग्या. म्हणजे ३,३०० फेऱ्यांना मिनिटाला ९,९०० वेळा ते इवलेसे पॉइंट उघडतात आणि मिटतात. एवढ्या राबणाऱ्या वस्तूकडे लक्ष द्यायला नको का?

तपासणीची सुरुवात ठिणगीपासून. एका प्लगची वायर काढून, इन्सुलेशन असलेल्या पकडीत धरून, तिचं टोक ब्लॉकपासून पाव इंचावर ठेवायचं आणि दुसऱ्याला पायाचा स्टार्टर दाबायला सांगायचं. निळसर, कडक आवाजाची ठिणगी आली तर करंट चांगला आहे. पिवळी, मरतुकडी आली तर मागे जायचं. पॉइंट काळेनिळे पडलेत, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा आलाय, असं दिसलं तर कंडेन्सर बघावा. थंड असताना व्यवस्थित चालणारी गाडी तापल्यावर बंद पडते आणि तासाभराने काही न करता चालू होते, तेव्हाही संशय कंडेन्सर आणि कॉइलवरच.

बॅटरीचा मुद्दा वेगळा आहे. ही गाडी सहा व्होल्टची. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीच्या केबल जाड लागतात. कुणीतरी कधीतरी बाजारात मिळणाऱ्या बारा व्होल्टच्या पातळ केबल टाकलेल्या असतात. बॅटरी पायाखालच्या पत्र्याखाली असल्यामुळे ते कुणाच्या नजरेला येत नाही. मग स्टार्टर रडतखडत फिरतो, तो फिरताना कॉइलला पुरेसे व्होल्ट उरत नाहीत, आणि दोष चांगल्या प्लगला लागतो.

आता टायमिंग. डिस्ट्रिब्युटर सैल करून फिरवायच्या आधी पॉइंटमधलं अंतर बघा, ही एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगेन. या इंजिनाला ते साधारण ०.०१८ इंच लागतं. कॅमवर घासणारा फायबरचा तुकडा झिजतो, अंतर कमी होतं, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. हे महिनोन्‌महिने इतकं हळू होत जातं की मालकाला गाडी म्हातारी झाली असंच वाटतं. फिलर गेज घालून अंतर नीट केलं की अर्धं टायमिंग आपोआप जागेवर येतं. उलट आधी डिस्ट्रिब्युटर फिरवला आणि नंतर पॉइंट लावले, तर केलेलं सगळं पाण्यात.

टायमिंगची खूण पुढच्या पुलीवर शोधू नका. स्टार्टरजवळ फ्लायव्हीलच्या घरात एक छोटी खिडकी आहे, तिच्यात एक काटा. फ्लायव्हीलमध्ये पोलादाची एक गोळी ठोकून बसवलेली असते. गोळी काट्यासमोर आली की पहिला पिस्टन वरच्या टोकाच्या पाच अंश आधी असतो. जुन्या गाडीत ती तेलाच्या काळ्या थराखाली दडलेली असते. चिंधीला रॉकेल लावून पुसायची आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. मग पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरून इंजिन हाताने फिरवायचं. दाबाची हवा अंगठा उचलायला लागली की कम्प्रेशनची फेरी आली. ही खात्री हवीच, कारण गोळी दोन फेऱ्यांत दोनदा काट्यासमोर येते आणि त्यातली एकच आपल्या कामाची. सहा व्होल्टच्या बल्बचा टेस्ट लॅम्प डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरीला आणि अर्थला जोडून इग्निशन चालू करावं. गोळी काट्यापाशी येताच दिवा लागला पाहिजे.

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पेट्रोलच्या प्रतीनुसार वेळ पुढेमागे करायची पट्टी आहे, ती आधी शून्यावर असावी. शेवटचा कस रस्त्यावर लागतो. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर क्षणभर हलकं टिकटिकलं तर ठीक. टिकटिक चालूच राहिली तर पट्टी मागे घ्या. या २१६ ची बेअरिंग ओतीव बॅबिटची आहेत, त्यांना सततचं नॉकिंग सोसत नाही. आणि ठिणगी फार मागे ठेवली तर रेडिएटर उकळतो, पेट्रोल जास्त जातं.

याच गाडीची आणखी एक खोड आहे. हिचा व्हॅक्यूम अॅडव्हान्स डिस्ट्रिब्युटरचं अख्खं शरीर फिरवतो. गंजाने ते जाम झालं असेल, किंवा फिरू नये म्हणून कुणी आवळून टाकलं असेल, तर उभ्या गाडीत टायमिंग बरोबर दिसतं आणि रस्त्यावर गाडी मरगळते. हाताने हलवून बघावं. थोडं फिरून स्प्रिंगने परत आलं पाहिजे.

फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. कार्बोरेटरमधून फटाके फुटत असतील तर कॅपवरच्या वायरी याच क्रमाने, रोटरच्या दिशेने मोजून घ्या.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवणारे खूप आहेत. रोज गाडी चालवणाऱ्याला तो सोयीचा आहे, हे मान्य. पण मी पॉइंटच्याच बाजूचा. पॉइंटचा बिघाड डोळ्यांना दिसतो आणि बारीक कानशीने रस्त्याच्या कडेला दुरुस्त होतो. इलेक्ट्रॉनिक संच गेला की गाडी टोचन करून न्यावी लागते.

आपल्याकडे जुन्या पेट्रोल गाड्यांची मूळ इंजिनं उतरवून डिझेल बसवायची चाल पडली, आणि चांगली चांगली इंजिनं भंगारात गेली. तुमच्या शेडमध्ये मूळ सहा सिलिंडरची शेवरोले उभी असेल, आणि ‘हिच्यात दम राहिला नाही’ असं कुणी सांगितलं असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एक दिवस तिला द्या. फिलर गेज, टेस्ट लॅम्प, कानस आणि नवा कंडेन्सर एवढं सामान पुरे.