प्रतिकृती-रेल्वे आणि मापाचा खरेपणा

इंग्लंडातील एखाद्या लहान शहरात शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहाची दारे उघडतात आणि बाहेर रांगेत उभी असलेली मंडळी तिकिटे घेऊन आत शिरतात. त्यांत जितकी मुले असतात, तितकेच त्यांचे आजोबाही असतात. आत भिंतींच्या कडेने आणि मध्यभागी छातीइतक्या उंचीवर लाकडी मंच मांडलेले दिसतात. एका मंचावर एक ग्रामीण स्थानक आहे : एकच फलाट, मालाची वखार, दगडी पूल आणि पुलापलीकडे गाई चरत असलेले कुरण. सिग्नलचा हात हलतो, पुलाखालून दोन डब्यांची गाडी सावकाश येऊन फलाटाला लागते, एंजिन सुटे होते आणि शेजारच्या रुळाने गाडीच्या दुसऱ्या टोकास जाते.

अशा वेळी प्रेक्षकांत एखादा निवृत्त रेल्वे-नोकर हटकून असतो. तो वाकून पाहतो आणि म्हणतो की, स्थानक उत्तम साधले आहे, पण त्या कोपऱ्यातील वाघिणीचा रंग या काळातला नव्हे. तो दहा वर्षांनी आला. मंचामागे उभा असलेला कारागीर रागावत नाही. तो खिशातून वही काढून ती गोष्ट टिपून घेतो. प्रतिकृती-रेल्वेचा छंद ज्या वृत्तीवर उभा आहे, ती वृत्ती या लहानशा प्रसंगात पुरती दिसून येते. प्रतिकृती खरी असावी, आणि ती कितपत खरी आहे याची तपासणी चारचौघांत व्हावी, अशी ती वृत्ती होय.

खेळण्यापासून प्रतिकृतीपर्यंत

आगगाडीचे खेळणे हे जवळजवळ आगगाडीइतकेच जुने आहे. परंतु आरंभीची खेळणी बनवणारा प्रत्येक कारखानदार आपल्या मर्जीप्रमाणे माप ठरवी. त्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. जर्मनीतील ग्योपिंगेन येथील मेर्क्लिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांची मालिका मांडली. रूळ, सांधे, डबे आणि एंजिने सुटी सुटी विकत घेऊन संच वाढवीत नेणे त्यामुळे शक्य झाले. इंग्लंडात नॉर्दॅम्प्टनचे बॅसेट-लोक आणि लिव्हरपूलचे फ्रँक हॉर्नबी यांनी हा व्यवसाय वाढविला. खऱ्या एंजिनाचे आराखडे समोर ठेवून हुबेहूब प्रतिकृती बनविणाऱ्या प्रौढ छांदिष्टांचा वर्गही याच सुमारास तयार झाला. लंडन येथील ‘मॉडेल रेल्वे क्लब’ १९१० साली स्थापन झाला. आज अस्तित्वात असलेल्या अशा संस्थांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो.

खेळणे आणि प्रतिकृती यांतील फरक एका शब्दात सांगावयाचा तर तो शब्द ‘प्रमाण’ हा होय. खेळण्याचे एंजिन एंजिनासारखे दिसले की पुरे. प्रतिकृतीत मात्र मूळ वस्तूचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागलेले असावे लागते. ब्रिटनमध्ये अतिशय प्रचलित असलेल्या प्रमाणात मूळच्या १ फुटासाठी ४ मिलिमीटर घेतात, म्हणजे मूळ वस्तू सुमारे ७६ पटींनी लहान होते. युरोप खंडात व अमेरिकेत ८७ पटींनी लहान करण्याचे प्रमाण अधिक रूढ आहे.

निसर्गाचे नियम लहान होत नाहीत

वरवर पाहता हे काम केवळ भागाकाराचे वाटते. प्रत्यक्षात मात्र अडचणी येथूनच सुरू होतात. लांबी ७६ पटींनी कमी केली की पृष्ठभाग ७६ गुणिले ७६, म्हणजे सुमारे ५,८०० पटींनी कमी होतो, आणि घनफळ सुमारे ४ लाख ४२ हजार पटींनी कमी होते. मूळचे एंजिन १०० टन वजनाचे असेल, तर त्याच हिशेबाने प्रतिकृतीचे वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरेल. इतके हलके एंजिन रुळांवर घट्ट बसत नाही. त्याच्या चाकांना रुळांतून मिळणारा विद्युत्प्रवाह धुळीच्या एका कणानेही खंडित होतो. म्हणून कारागीर एंजिनाच्या पोकळीत शिशाचे तुकडे भरून त्याचे वजन वाढवितात.

वेगाचेही असेच आहे. ताशी ९६ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी या प्रमाणात दर सेकंदाला सुमारे ३५ सेंटिमीटर अंतर तोडील. नवशिका छांदिष्ट याच्या तिप्पट वेगाने गाडी पळवितो आणि पाहणाऱ्याला ते तत्काळ खटकते. खरी गाडी आपल्या प्रचंड वस्तुमानामुळे हळूहळू वेग घेते व दूरवर जाऊन थांबते. प्रतिकृती प्रवाह तोडताच गचका खाऊन उभी राहते. म्हणून लहानशा चलित्राला गतिचक्र जोडतात, किंवा प्रवाह क्रमाक्रमाने वाढविणारी व घटविणारी योजना करतात.

पाणी तर मुळीच लहान होत नाही. पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे आपला आकार राखतो, त्यामुळे प्रतिकृतीतील ओढ्यात खरे पाणी घातल्यास तो ओढा न दिसता सांडलेले पाणी दिसते. सबब रोगणाचे वा पारदर्शक राळेचे थर देऊन पाण्याचा आभास निर्माण करावा लागतो. खरे पाणी खोटे दिसते आणि राळ खरी वाटते, हा अनुभव प्रत्येक कारागिराला लवकरच येतो.

सव्वादोन मिलिमीटरांचा वाद

सर्वांत कठीण अडचण रुळांच्या रुंदीची आहे. ब्रिटनमधील प्रमाण-लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर, म्हणजे ४ फूट ८.५ इंच आहे. ४ मिलिमीटरला १ फूट या हिशेबाने प्रतिकृतीत ते १८.८३ मिलिमीटर असावयास हवे. प्रत्यक्षात ब्रिटनमधील बहुसंख्य छांदिष्टांच्या रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर आहे. हा सुमारे सव्वादोन मिलिमीटरांचा फरक कोणाच्या चुकीने पडलेला नाही. त्याला इतिहास आहे.

१९२२ साली न्यूरेंबर्गच्या बिंग कारखान्याची मेजावर मांडता येण्यासारखी छोटी रेल्वे इंग्लंडात विक्रीस आली. तिचे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे होते. ही रुंदी ८७ पटींच्या प्रमाणाशी जुळते. परंतु ब्रिटिश एंजिने युरोपीय एंजिनांपेक्षा अंगाने लहान असतात. तितक्या लहान कवचात त्या काळची विद्युत् चलित्रे मावेनात. तेव्हा रूळ तेच ठेवून वरचे एंजिन व डबे किंचित मोठ्या प्रमाणात बनविण्यात आले. १९३८ साली हॉर्नबी यांच्या कारखान्याने हीच रीत उचलली आणि ती देशभर रूढ झाली. परिणामी समोरून पाहिले असता ब्रिटिश प्रतिकृती-गाडी अरुंद पायांवर उभ्या असलेल्या धिप्पाड माणसासारखी दिसते. मूळ मापात बोलावयाचे तर तिचे रूळ ७ इंचांनी अरुंद आहेत.

दुसरे कारण घराच्या आकारमानात आहे. खऱ्या मुख्य मार्गावरील ८०० मीटर त्रिज्येचे वळण या प्रमाणात १० मीटरांहून अधिक त्रिज्येचे होते. इतकी जागा कोणाच्या घरात असणार? विकत मिळणाऱ्या संचातील वळणाची त्रिज्या अर्ध्या मीटरच्याही आत असते. इतक्या तीव्र वळणावर गाडी घसरू नये म्हणून चाकांच्या कडा प्रमाणापेक्षा उंच कराव्या लागतात आणि चाकांना बाजूला सरकण्यास मोकळीक ठेवावी लागते. खरी रुंदी आणि खरी चाके स्वीकारणाऱ्याला वळणेही मोठी घ्यावी लागतात.

तरीही काही छांदिष्टांना ही तडजोड मान्य झाली नाही. त्यांच्यापैकी काहींनी १८ मिलिमीटरच्या आसपासची रुंदी स्वीकारली. १९६० नंतरच्या दशकात एका गटाने थेट १८.८३ मिलिमीटरचा आग्रह धरला. चाकाच्या कडेची उंची, सांध्यातील फटींची रुंदी अशी सर्व मापे खऱ्या रेल्वेवरून घेऊन त्यांनी कोष्टके तयार केली. त्यांचे म्हणणे सरळ होते. मूळ रेल्वे ज्या मापांवर चालते, त्याच मापांवर प्रतिकृतीही चालली पाहिजे; ती चालत नसेल तर दोष मापांचा नव्हे, कारागिरीचा आहे.

या आग्रहाची किंमत मात्र मोठी असते. अशा कारागिराला दुकानातून आणलेल्या प्रत्येक एंजिनाची चाके बदलावी लागतात, आणि सांधे बहुधा स्वतःच्या हाताने जुळवावे लागतात. मित्राची गाडी त्याच्या रुळांवर चालत नाही आणि त्याची गाडी मित्राच्या रुळांवर चालत नाही. उलट १६.५ मिलिमीटरवाला छांदिष्ट आपली गाडी पिशवीत घालून कोणत्याही मंडळात जाऊ शकतो. सर्वांच्या गाड्या सर्वांच्या रुळांवर चालाव्यात हेही एक मूल्यच आहे. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रतिकृती-रेल्वे संघाने प्रथम हेच कार्य हाती घेतले. निरनिराळ्या कारखान्यांची चाके व रूळ एकमेकांशी जुळावेत म्हणून त्याने मापांची मानके प्रसिद्ध केली. अचूक माप आणि सर्वमान्य माप यांत कोणते निवडावे, हा प्रश्न या छंदात प्रत्येकाला सोडवावा लागतो, आणि दोन्ही उत्तरे देणारे सुज्ञ लोक आहेत.

प्रदर्शनातील परीक्षा

घरी महिनोन्‌महिने सुरळीत चाललेली रेल्वे प्रदर्शनात नेणे ही वेगळीच कसोटी असते. मंच एकसंध नसतो. सुमारे १.२ मीटर लांबीचे तुकडे करून तो मोटारीतून न्यावा लागतो. दोन तुकडे जेथे मिळतात तेथे रूळ कापलेले असतात. तेथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी गाडी घसरते. म्हणून तुकड्यांच्या कडांत पितळी खुंट्या व त्यांना अचूक बसणारी छिद्रे ठेवतात आणि विजेच्या तारा बहुदंती जोडाने जोडतात. घरातील उबदार खोलीत जुळविलेले लाकूड दमट सभागृहात फुगते. गर्दीमुळे उडालेली धूळ रुळांवर बसते. दिवसातून कित्येक वेळा रूळ पुसावे लागतात.

प्रेक्षकांना दिसते ते एक स्थानक. पण त्या स्थानकात येणाऱ्या गाड्या कोठून येतात? पुलाच्या किंवा बोगद्याच्या आड, नाटकाच्या नेपथ्यामागे पात्रे थांबावीत तशा, राखीव रुळांवर गाड्या ओळीने उभ्या असतात. तेथे बसलेला सहकारी ठरलेल्या क्रमाने एकेक गाडी रंगमंचावर पाठवितो. ब्रिटनमधील पीटर डेनी या धर्मोपदेशकांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बकिंगहॅम गावापर्यंत जाणारा एक काल्पनिक मार्ग उभारला आणि तो खऱ्या रेल्वेप्रमाणे वेळापत्रकानुसार चालविला. हाताशी माणूस नसेल तेव्हा पडद्याआडचे काम व्हावे म्हणून त्यांनी एक यंत्र बनविले आणि त्याला आपल्या मुलाच्या नावावरून ‘स्वयंचलित क्रिस्पिन’ असे नाव दिले. गाड्यांचा क्रम लक्षात ठेवून तो पार पाडणारे ते यंत्र होते. संगणक घरोघरी पोचण्यापूर्वी कितीतरी वर्षे अशा योजना छांदिष्टांच्या खोल्यांत आकाराला येत होत्या.

नाहीशा झालेल्या खेड्याची नोंद

इतका खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे एक उत्तर ऑक्सफर्डजवळील लाँग विटनम या खेड्यातील पेंडन संग्रहालयात मिळते. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तरुणपणी, १९२५ साली, ते इंग्लंडात आले आणि ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ नावाच्या खोऱ्यातील खेड्यांवर लुब्ध झाले. परंतु त्यांच्या डोळ्यांदेखत जुन्या घरांची गवती छपरे उतरविली जात होती आणि त्यांवर नवी कृत्रिम आच्छादने चढत होती. हे थांबविणे त्यांच्या हाती नव्हते. मोजणे मात्र हाती होते. त्यांनी घरांची मापे घेतली, छायाचित्रे काढली आणि ४ मिलिमीटरला १ फूट या प्रमाणात ती घरे कागदी पुठ्ठ्यातून उभी करण्यास आरंभ केला. भिंतींतील विटा एकेक करून कोरल्या व रंगविल्या जात. १९५४ साली स्थापन झालेले हे संग्रहालय स्वयंसेवकांच्या श्रमांवर वाढले. रॉय इंग्लंड १९९५ साली निवर्तले. त्यानंतरही काम चालूच राहिले.

पेंडनमधील मुख्य खेडे नकाशावर सापडत नाही. ते काल्पनिक आहे. त्यातील घरे मात्र निरनिराळ्या खेड्यांतील खऱ्या घरांच्या प्रतिकृती आहेत. त्याचप्रमाणे तेथील रुळांची रुंदी १८ मिलिमीटर आहे, गणिताने येणारी १८.८३ नव्हे. इतक्या काटेकोर लोकांनीही काही ठिकाणी तडजोड केली. पण ती कोठे केली हे ते जाणतात आणि विचारणाऱ्याला सांगतात. शास्त्रज्ञ आपल्या मापनातील त्रुटी लपवीत नाही, ती आकड्यानिशी मांडतो. त्याच शिस्तीचे हे घरगुती रूप आहे.

भारतातही हा छंद अपरिचित नाही. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे छोट्या गाड्या एका छोट्या शहरातून धावताना पाहावयास मिळतात. भारतीय कारागिरापुढील प्रश्न तर ब्रिटिश कारागिराच्या प्रश्नापेक्षाही अवघड आहे. आपल्या रुंद लोहमार्गाची रुंदी १,६७६ मिलिमीटर आहे. ८७ पटींच्या प्रमाणात ती १९.२६ मिलिमीटर होते, आणि बाजारात सहज मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात. हा पावणेतीन मिलिमीटरांचा फरक मूळ मापात किती होतो, हे विद्यार्थ्यांनी स्वतः गुणून पाहावे. नंतर एखाद्या रेल्वे स्थानकावर जाऊन एखादा डबा, एखादा सिग्नल, फलाटाची उंची दुरूनच, सुरक्षित अंतर राखून, नीट न्याहाळावी व वहीत त्यांची रेखाकृती काढावी. घरी पुठ्ठ्याचा डबा बनविताना कोणते माप सोडावे लागले आणि का, हेही त्याच वहीत लिहून ठेवावे, म्हणजे डबा पाहावयास येणाऱ्याने विचारले तर उत्तर तयार असेल.