जहाजावरील खर्चाचा हिशेब

व्हँकूवरहून अलास्काच्या सफरीस निघणारा कॅनेडियन प्रवासी स्वदेशाच्याच बंदरांत जहाजावर चढतो. परंतु तेथील त्याचा हिशेब बहुधा अमेरिकन डॉलरांत मांडला जातो. कॅनडांतील पुष्कळ बँका कार्डानें केलेल्या अशा परचलनी खर्चावर सुमारें २.५ टक्के आकार घेतात; म्हणजे हजारामागें २५ डॉलर गेले! हा आकार नसलेलें कार्ड आधींच मिळवावें. वाटेंतील बंदरांत दुकानचें यंत्र 'कॅनेडियन डॉलरांत देतां काय?' असें विचारील. तेथें स्थानिक चलनच निवडावें. त्या सोयीची किंमत वाढीव दरांतून वसूल होते. मात्र ही सारी काटकसर एका आजारपणांत बुडूं शकते. जहाजावरील वैद्याचें बिल प्रवाशाच्याच खात्यावर पडतें, आणि प्रांतिक आरोग्यविमा परदेशांतील खर्चाचा अल्प भागच देतो. म्हणून प्रवासविमा उतरवूनच जहाजावर पाऊल ठेवावें.