दहा पौंडांचा खंड

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. वस्तुस्थिती इतकी सरळ नव्हती. १६६१ च्या विवाह-तहानुसार बेट ताब्यात घेण्यास १६६२ मध्ये आलेल्या सर अब्राहम शिपमनला पोर्तुगीजांनी ते दिलेच नाही. तह झाला, पण पायाखाली जमीन नाही! कारवारजवळच्या अंजदीव बेटावर त्याचे शेकडो शिपाई रोगराईने दगावले. १६६४ मध्ये तोही गेला. १६६५ मध्ये हम्फ्री कुकने ताबा घेतला. परंतु राजाला खर्च परवडेना. १६६८ मध्ये बेट कंपनीकडे गेले, वार्षिक दहा पौंड खंडाने. (परभणीच्या आमच्या वर्गात येथे हशा पिकतो.) वस्ती खऱ्या अर्थाने वाढविली ती जेराल्ड आंजियरने. त्याने परधर्मीय व्यापाऱ्यांना अभय दिले, १६७२ मध्ये न्यायालय उघडले. १६७७ मध्ये तो वारला, तोही सुरतेस.